गायीच्या अंगातील जंतुनाशके व कासेचे रक्षण

दुभत्या जनावरांना जडणाऱ्या रोगांमध्ये कासदाह हा अत्यंत नुकसानकारक रोगांपैकी एक होय. शेतकरीवर्ग त्यास दगडी या नावाने ओळखतो, व ते नाव सार्थ आहे. सकाळी मऊ असलेली कास सायंकाळी दगडासारखी कठीण व उष्ण लागते, दुधात गाठी अथवा रक्ताचा अंश दिसतो, आणि वेळीच इलाज न झाल्यास सड कायमचा निकामी होतो. एक सड गेलेली गाय बाजारात निम्म्या किमतीसही कोणी घेत नाही, हे प्रत्येक गोपालक जाणतो.

परंतु या रोगाचा विचार करताना एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. गाय दिवसातून अनेक तास शेणामुतात बसते. चिमूटभर शेणात कोट्यवधी जंतू असतात. माश्या एका जनावरावरून दुसऱ्या जनावरावर फिरतात. असे असूनही बहुसंख्य गायींची कास बहुसंख्य दिवस निरोगी राहते. म्हणून गायीस दगडी का होते, याबरोबरच ती रोज का होत नाही, हा प्रश्नही विचारला पाहिजे. त्याचे उत्तर गायीच्या शरीरातच आहे. जंतूंचा नाश करणारी द्रव्ये तिचे शरीर स्वतःच निर्माण करीत असते. या द्रव्यांचे कार्य ध्यानी आले म्हणजे गोठ्यातील स्वच्छतेचे साधे नियम कशासाठी आहेत, याचाही उलगडा होतो.

वेळेचा हिशेब

जंतूंची वाढ किती झपाट्याने होते हे प्रथम पाहू. आतड्यात व शेणात आढळणारा कोलाय जातीचा जंतू अनुकूल परिस्थितीत सुमारे २० मिनिटांत एकाचे दोन होतो. या गतीने एका जंतूपासून आठ तासांत २४ पिढ्या होतात व त्यांची संख्या एक कोटी ६७ लाखांच्या वर जाते. सायंकाळच्या दोहनानंतर सडात शिरलेला एक जंतू पहाटेच्या दोहनापर्यंत काय करू शकेल, याची कल्पना यावरून यावी.

रोगजंतू शरीरात शिरल्यावर त्या विशिष्ट जंतूविरुद्ध रक्तात प्रतिपिंडे तयार होतात हे खरे. लस टोचण्याचे तत्त्वही तेच आहे. परंतु पूर्वी ओळख नसलेल्या जंतूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास अनेक दिवस लागतात. जंतूचा हिशेब मिनिटांचा आणि प्रतिपिंडांचा हिशेब दिवसांचा. मधल्या काळात जनावर जिवंत राहते ते, जंतूची जात न पाहता तत्काळ कामाला लागणाऱ्या दुसऱ्या एका संरक्षणामुळे. अंगभूत जंतुनाशक पेप्टाइडे हा या तातडीच्या संरक्षणाचा महत्त्वाचा भाग होय.

पेप्टाइडे म्हणजे काय

प्रथिने ही अमायनो आम्लांच्या लांब साखळ्यांनी बनलेली असतात, हे पशुआहाराच्या संदर्भात अनेकांच्या वाचनात आले असेल. अशी साखळी आखूड असली म्हणजे तिला पेप्टाइड म्हणतात. जंतुनाशक पेप्टाइडांत साधारणतः १२ ते ५० अमायनो आम्ले असतात. ती तयार करण्यास शरीरास फार वेळ वा शक्ती लागत नाही. काही पेप्टाइडे पेशींत आधीच साठवून ठेवलेली असतात, तर काही इजा होताच काही तासांत तयार केली जातात.

ही शक्ती केवळ गायीतच आहे असे नाही. गव्हाच्या पिठातून मिळालेल्या प्युरोथायोनिन या द्रव्याचा जंतुनाशक गुण १९४२ मध्येच नोंदला गेला होता. स्वीडनमधील शास्त्रज्ञ हान्स बोमान व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये सेक्रोपिया या मोठ्या रेशमी पतंगाच्या कोशावस्थेतील किड्यातून सेक्रोपिन नावाची पेप्टाइडे वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले. विदर्भात भंडारा, गडचिरोली या भागांत ज्या टसर किड्यांचे कोश घेतले जातात, ते किडे या पतंगाच्याच कुळातील आहेत. कीटकांच्या अंगी प्रतिपिंडे नसतात. तरीही ते जंतूंनी भरलेल्या जगात टिकून राहतात, त्याचे एक कारण या शोधाने पुढे आले.

अमेरिकेतील मायकेल झास्लॉफ यांचा अनुभवही बोधप्रद आहे. ते आफ्रिकेतील एका जातीच्या बेडकांवर प्रयोगासाठी शस्त्रक्रिया करीत. नंतर ते बेडूक जंतुयुक्त पाण्याच्या हौदात सोडले जात. तरीही त्यांच्या जखमा न चिघळता भरून येत. असे का व्हावे याचा शोध घेता बेडकांच्या कातडीत जंतुनाशक पेप्टाइडे सापडली. १९८७ मध्ये ती जगापुढे आली व ढाल या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून त्यांना मॅगेनिन हे नाव देण्यात आले.

गायीविषयीचे शोध याच काळातील आहेत. १९९१ मध्ये गायीच्या श्वासनळीच्या अस्तरातून ३८ अमायनो आम्लांचे एक पेप्टाइड मिळाले. १९९२ मध्ये गायीच्या रक्तातील पांढऱ्या पेशींतून अवघ्या १३ अमायनो आम्लांचे इंडोलिसिडिन, आणि १९९३ मध्ये त्याच पेशींतून डिफेन्सिन वर्गातील १३ निरनिराळी पेप्टाइडे वेगळी करण्यात आली. १९९५ मध्ये गायीच्या जिभेतही असे पेप्टाइड आढळले. जिभेस जेथे जखम वा दाह होता तेथे त्याचे प्रमाण विशेष वाढलेले दिसून आले. कडब्याच्या धसाने जिभेस ओरखडा येणे ही गुराच्या बाबतीत नित्याची गोष्ट आहे. तोंडात असंख्य जंतू असूनही हे ओरखडे सहसा चिघळत नाहीत, यातील मर्म असे आहे.

जंतूचा नाश कसा होतो

या पेप्टाइडांचे कार्य विजेच्या भारावर अवलंबून असते. बहुतेक जंतुनाशक पेप्टाइडांवर धन भार असतो. जंतूच्या शरीराभोवतीच्या पातळ आवरणाच्या बाहेरील बाजूस ऋण भार असतो. विरुद्ध भार एकमेकांस आकर्षितात. म्हणून पेप्टाइडे जंतूच्या पृष्ठभागास जाऊन चिकटतात. पुरेशी पेप्टाइडे जमली की ती आवरणाच्या स्निग्ध थरात घुसतात व त्यास छिद्रे पाडतात. आतील क्षार व इतर द्रव्ये बाहेर झिरपू लागतात आणि जंतू अनेकदा काही मिनिटांतच मरतो. मोटेच्या कातड्यास भोके पडली म्हणजे ती कितीही मोठी असली तरी पाणी धरत नाही, तसाच हा प्रकार होय. काही पेप्टाइडे आवरण न फोडता आत शिरतात व जंतूच्या वाढीस आवश्यक असलेल्या क्रिया बंद पाडतात.

मग ही द्रव्ये गायीच्या स्वतःच्या पेशींचा नाश का करीत नाहीत? गायीच्या पेशींच्या आवरणाची बाहेरील बाजू बहुतांशी भाररहित असते, व त्यात कोलेस्टेरॉल असल्यामुळे ते आवरण अधिक बळकट असते. त्यामुळे पेप्टाइडांचा रोख मुख्यतः जंतूंवरच राहतो.

याशिवाय यांतील काही पेप्टाइडे रक्तातील पांढऱ्या पेशींना दाहाच्या जागी बोलावून घेतात. म्हणजे ती शत्रूशी झुंजतात व त्याच वेळी कुमकही मागवितात.

कासेतील तटबंदी

आता सडात शिरू पाहणाऱ्या जंतूचा मार्ग पाहू. सडाच्या टोकाशी सुमारे एक सेंटीमीटर लांबीची अरुंद नळी असते. दोन दोहनांच्या मधल्या काळात तिच्याभोवतीचा स्नायू ती मिटून धरतो. नळीच्या आतील बाजूस केराटिनचा थर असतो. शिंगे व खूर ज्या द्रव्याचे बनलेले असतात तेच हे द्रव्य. हा थर जंतूंना अडवितो, आणि त्यातील काही स्निग्धाम्ले व धन भाराची प्रथिने जंतूंना मारकही असतात. दोहनाच्या वेळी या थराचा काही भाग दुधाबरोबर वाहून जातो व शरीर तो पुन्हा भरून काढते.

येथे गोपालकाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची बाब आहे. धार काढून झाल्यावर ही नळी लगेच घट्ट मिटत नाही. त्यास अर्धा तास ते दोन तास लागू शकतात. या वेळात गाय ओल्या शेणात बसली तर जंतूंना उघड्या दारातून प्रवेश मिळतो.

ही तटबंदी ओलांडून जंतू आत गेलाच, तर कासेच्या अस्तरातील पेशींना त्याची चाहूल लागते. त्या जंतुनाशक पेप्टाइडे तयार करू लागतात व पांढऱ्या पेशींना संकेत देतात. पांढऱ्या पेशी रक्तातून दुधात उतरतात, जंतूंना गिळतात आणि आपल्यातील साठवलेली पेप्टाइडे त्यांच्यावर सोडतात. निरोगी सडाच्या दुधात दर मिलिलिटरमागे अशा पेशींची संख्या सामान्यतः एक लाखाहून कमी असते. ती दोन लाखांच्या वर गेल्यास त्या सडात जंतूंचा शिरकाव झाला असावा असे समजतात. दुधात दिसणाऱ्या गाठी म्हणजे पांढऱ्या पेशी, गोठलेली प्रथिने व मृत पेशी यांचा गोळा होय. आत चाललेल्या झुंजीची ती खूण आहे.

दुधात लॅक्टोफेरिन नावाचे आणखी एक संरक्षक प्रथिन असते. जंतूंना वाढीसाठी लोह लागते. लॅक्टोफेरिन ते लोह बांधून ठेवते व जंतूंची उपासमार करते. मात्र दूध देत्या काळात त्याचे प्रमाण कमी असते, आणि दुधातील सायट्रेट त्याच्या कामात अडथळा आणते. दुधातील कॅल्शियमसारखे क्षारही पेप्टाइडांचा जोर कमी करतात. गाय पूर्ण आटल्यावर कासेतील लॅक्टोफेरिन पुष्कळ वाढते व सडाच्या नळीत केराटिनचे बूच तयार होते. परंतु हे सर्व होण्यास काळ लागतो. म्हणून आटविल्यानंतरचे पहिले दोन आठवडे व विण्यापूर्वीचे अखेरचे दोन आठवडे हे विशेष धोक्याचे होत. आटलेली गाय दूध देत नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणे ही मोठी चूक ठरते.

चिकाचे महत्त्व

लॅक्टोफेरिन चिकात मुबलक असते. त्याविषयी १९९२ मध्ये एक लक्षणीय शोध लागला. जठरातील पेप्सिन या पाचक द्रव्याची लॅक्टोफेरिनवर क्रिया झाली असता त्यातून २५ अमायनो आम्लांचा एक तुकडा सुटा होतो, व तो मूळ प्रथिनापेक्षा अधिक प्रभावी जंतुनाशक असतो. चिकातील मुख्य धन म्हणजे आईची प्रतिपिंडे. ती नवजात वासराच्या रक्तात नसतात व चिकातूनच मिळतात. त्यांच्या जोडीला लॅक्टोफेरिन व इतर जंतुनाशक द्रव्येही वासराच्या पोटात जातात. प्रतिपिंडे शोषून घेण्याची आतड्याची शक्ती जन्मानंतर दर तासाला कमी होत जाते व सुमारे २४ तासांत संपुष्टात येते. म्हणून जार पडण्याची वाट पाहत वासरास चिकावाचून ठेवणे, ही ठिकठिकाणी आढळणारी रीत सर्वथा टाकून द्यावी.

संरक्षण दुबळे केव्हा होते

हे संरक्षण अभेद्य नाही, व जनावराच्या स्थितीनुसार त्यात चढउतार होतो. उपासमार, लांबचा प्रवास, उन्हाचा ताप, गर्दी यांमुळे जनावराच्या शरीरात कॉर्टिसॉल हे द्रव्य वाढते. त्याच वर्गातील डेक्सामेथासोन या औषधाचा गायीच्या श्वासनळीच्या पेशींवर काय परिणाम होतो हे कॅनडातील संशोधकांनी पाहिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्या पेशींतील जंतुनाशक पेप्टाइडाची निर्मिती घटली. लांबच्या बाजारातून आणलेल्या वासरांना फुप्फुसाचा दाह का होतो, यावर या प्रयोगाने प्रकाश पडतो. अशी औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून टोचू नयेत, याचे हेही एक कारण होय.

उलटपक्षी, ड जीवनसत्त्वाच्या प्रभावाने गायीच्या पांढऱ्या पेशींत काही डिफेन्सिनांची निर्मिती वाढते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. ऊन, हिरवा चारा, खनिज मिश्रण व पुरेसे पाणी यांचा दुधाच्या उत्पादनाइतकाच रोगप्रतिकाराशीही संबंध आहे.

जंतूंचे प्रतिडाव आणि कॉलिस्टिनचा धडा

जंतूही स्वस्थ बसत नाहीत. दगडी रोगास कारण होणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू आपल्या आवरणावरील ऋण भार कमी करतो, जेणेकरून पेप्टाइडे त्यास चिकटू नयेत. तो पेप्टाइडे तोडणारी द्रव्येही सोडतो व पेशींच्या आत दडून बसतो. या जंतूची दगडी बरी होण्यास कठीण असते, ती यामुळेच.

जंतुनाशक पेप्टाइडे मृत्तिकेतील जंतूही तयार करतात, व त्यांपासून माणसाने औषधे बनविली. कॉलिस्टिन हे त्यांपैकी एक. तेही धन भाराचेच असून जंतूचे आवरण भेदते. अन्य औषधे निष्फळ ठरल्यावर माणसाचा प्राण वाचविण्यासाठी राखून ठेवलेले हे औषध आहे. परंतु अनेक देशांत ते कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात वाढीसाठी मिसळले जात असे. २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी कॉलिस्टिनला दाद न देण्याचा गुण देणारे एमसीआर-१ हे जनुक उघडकीस आणले. ते एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाते. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांकरिता, कोंबड्यांकरिता, मत्स्यपालनाकरिता व पशुखाद्यपूरकांकरिता कॉलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांस मनाई केली.

पुढे २०२३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी याहून गंभीर बाब निदर्शनास आणली. एमसीआर-१ धारण करणारे कोलाय जंतू माणूस, डुक्कर व कोंबडी यांच्या अंगभूत पेप्टाइडांनाही अधिक प्रमाणात तोंड देऊ शकतात, असे त्यांस आढळले. याचा अर्थ असा की औषधाच्या अविचारी वापराने केवळ बाटलीतील औषध निकामी होते असे नाही. निसर्गाने जन्मतः दिलेली ढालही त्यामुळे पातळ होऊ शकते. शेजाऱ्याच्या गायीस लागू पडली म्हणून तीच नळी आपल्या गायीच्या सडात सोडणे, अथवा दूध साफ दिसू लागताच औषध अर्ध्यावर थांबविणे, यांतील धोका यावरून समजून घ्यावा.

गोपालकांनी काय करावे

वरील विवेचनावरून व्यवहारात पाळावयाचे नियम पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१. धार काढण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. कास व सड धुऊन स्वच्छ कापडाने कोरडे करावेत. प्रत्येक जनावरास निराळे कापड असावे.

२. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर अथवा काळ्या तळाच्या भांड्यात घेऊन गाठी दिसतात काय ते पाहावे. त्या धारा गोठ्याच्या जमिनीवर सोडू नयेत.

३. पूर्ण मुठीने धार काढावी. अंगठा मुडपून सड ओढल्याने आतील अस्तरास इजा होते. बंद पडलेल्या सडात काडी कदापि घालू नये; त्याने केराटिनचा थर खरवडला जातो व जंतू आत ढकलले जातात.

४. दोहनानंतर प्रत्येक सड पशुवैद्यकाने सांगितलेल्या आयोडिनच्या द्रावणात बुडवावा. लगेच गव्हाणीत चारा टाकावा, म्हणजे गाय किमान अर्धा तास उभी राहील व तेवढ्यात सडाची नळी मिटू लागेल.

५. रोगी सडाचे दोहन सर्वांत शेवटी करावे. बाहेरून न दिसणारी दगडी ओळखण्यासाठी १९५७ साली पुढे आलेली कॅलिफोर्निया चाचणी आजही उपयुक्त आहे. तीत दुधात विशिष्ट धुलाई द्रावण मिसळतात. पेशी अधिक असल्यास मिश्रण घट्ट व चिकट होते. पशुवैद्यकीय दवाखान्यात तिची माहिती करून घ्यावी.

६. गाय आटविताना पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. आटलेल्या व विण्यास टेकलेल्या गायीची जागा कोरडी ठेवावी.

७. वासरू जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांतच चीक पाजावा. पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या सुमारे एक दशांश इतका चीक निरनिराळ्या वेळी मिळून द्यावा.

८. प्रतिजैविके पशुवैद्यकाने ठरविलेल्या मात्रेत व ठरविलेल्या दिवसांपर्यंतच द्यावीत. औषध चालू असताना व त्यानंतर सांगितलेल्या मुदतीत ते दूध विकू नये, अथवा घरी वापरू नये.

९. घटसर्प, फऱ्या, लाळखुरकूत यांच्या लसी वेळेवर टोचून घ्याव्यात. अंगभूत संरक्षण लसीचे काम करू शकत नाही. दोहोंची कामे निराळी आहेत.

या नियमांपैकी बहुतेकांस काहीच खर्च येत नाही. कोरडी जागा, स्वच्छ हात, धारेनंतर टाकलेली चाऱ्याची पेंढी व वेळेवर पाजलेला चीक यांनी कोणताही नवा इलाज होत नाही. जो इलाज गायीच्या अंगी जन्मतःच आहे, त्यास आपले काम करण्यास अवसर मिळतो, एवढेच. तो अवसर देणे हे गोपालकाच्या हाती आहे.